पानगळीत झाड रंगतच नाही, हिरवं ते थेट तपकिरी: दरवर्षीच्या या त्रासाचं कारण कसं शोधायचं

मेपल लावला, लिक्विडंबर लावला, लेबलवर लालभडक फोटो होता, आणि दरवर्षी होतं काय तर पानं शेवटपर्यंत हिरवी राहतात, मग कडेने तपकिरी व्हायला लागतात आणि एखाद्या जोराच्या वाऱ्यात सगळी खाली. एखाद्या वर्षी झालं तर हवामान म्हणून सोडून द्यावं, पण सलग दोन-तीन वर्षं हेच चाललं असेल तर त्यामागे ठराविक कारण असतं आणि बहुतेक वेळा ते सापडतं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. लोक उपाय करायला धावतात तेव्हा पानं रंगायच्या बेतात असतात, त्या टप्प्याला खत टाका, पाणी वाढवा, काहीतरी फवारा, त्या वर्षीचा रंग कशानेही येत नाही, आणि खताने तर जास्तच बिघडतं. रंगाची तयारी वाढीच्या हंगामात होऊन गेलेली असते, म्हणजे उत्तर गोलार्धात जून ते ऑगस्ट आणि दक्षिणेत डिसेंबर ते फेब्रुवारी. म्हणून पानगळीत करायचं काम एकच, झाड नीट बघायचं, काय दिसतंय ते लिहून ठेवायचं, दुरुस्ती पुढच्या हंगामात.

आता पानात नक्की घडतं काय ते थोडक्यात, कारण हे कळलं की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. दिवस लहान आणि रात्री मोठ्या व्हायला लागल्या की झाड पानातलं हरितद्रव्य मोडून त्यातला नत्र वगैरे कामाचा माल फांद्यांत आणि मुळांत परत ओढून घेतं. पिवळा आणि केशरी रंग देणारी कॅरोटिनॉइडं पानात आधीपासूनच असतात, हिरवा उतरला की ती दिसायला लागतात, त्यामुळे बर्च, गिंको यांचं पिवळं जवळपास दरवर्षी भरवशाने येतं. लाल आणि जांभळट रंगाचं तसं नाही. तो अँथोसायनिनचा, आणि ते बहुतेक झाडांत त्याच आठवड्यांत नव्याने तयार होतं, पानात साठलेल्या साखरेपासून. देठाच्या बुडाशी बुचासारखा थर धरायला लागतो, साखर बाहेर जायचा रस्ता हळूहळू बंद होतो, दिवसा कडक ऊन असेल तर साखर बनतच राहते आणि रात्र थंड असेल तर ती कमी खर्च होते. म्हणून लाल रंगाला लख्ख ऊन आणि साधारण ० ते ७ अंश सेल्सिअसच्या, पण न गोठणाऱ्या रात्री सगळ्यात मानवतात. ढगाळ, पावसाळी, उबदार पानगळ आली की पिवळं ठीकठाक येतं पण लाल फिकं पडतं.

उन्हाचा हा हिशोब डोळ्यांनी बघायचा असेल तर रंगलेल्या लाल मेपलची अशी जोडी शोधा ज्यात एक पान दुसऱ्यावर चिकटून बसलंय. वरचं पान हळूच उचला, खालच्या पानावर वरच्या पानाची अख्खी आकृती पिवळ्या रंगात उमटलेली दिसते, अगदी दातेरी कडांसकट, आणि भोवतीचा उघडा भाग लाल. झाड तेच, रात्री त्याच, खत तेच, फक्त तेवढ्या तुकड्याला ऊन मिळालं नाही. हे एकदा बघितलं की पुढचं बरंचसं सांगावं लागत नाही.

पहिली तपासणी फुकटची आहे आणि तीच लोक करत नाहीत. आसपास त्याच जातीचं दुसरं झाड शोधा आणि ते कसं रंगलंय बघा. तेही फिकंच असेल तर हवामान, विषय संपला. ते पेटल्यासारखं लाल आणि तुमचं मात्र मळकट हिरवं असेल तर दोष तुमच्या जागेत, मातीत, पाण्यात किंवा रोपात आहे. दरवर्षी त्याच आठवड्यात, त्याच जागी उभं राहून एक फोटो काढून ठेवा, कारण मागच्या वर्षी जास्त लाल होतं ही आठवण फार फसवी असते.

त्यानंतर जात. हा मुद्दा ऐकायला कुणाला आवडत नाही, पण काही झाडं लाल होणारच नाहीत. गिंको पिवळाच होतो आणि मग पुष्कळदा एक-दोन दिवसांत सगळी पानं एकदम टाकतो. सिल्व्हर मेपल फिकट पिवळ्यावर थांबतो. जपानी मेपलमध्येसुद्धा सान्गो-काकू पिवळा होतो, त्याचं सौंदर्य हिवाळ्यातल्या पोवळ्यासारख्या फांद्यांत आहे, आणि ज्याला लालच हवंय त्याने ओसाकाझुकी बघावा. दुसरी गोष्ट म्हणजे बियांपासून केलेली रोपं. रेड मेपल म्हणून बियांचं रोप घेतलं तर ते लाल, केशरी, पिवळं काहीही निघू शकतं, नावात रेड आहे म्हणून पानगळीत रेड असं नसतं. लिक्विडंबरचंही तेच. रंगाची खात्री हवी तर कलम केलेली किंवा कटिंगपासून वाढवलेली निवडक जात घ्यावी लागते, उदाहरणार्थ रेड मेपलमध्ये ऑक्टोबर ग्लोरी आणि रेड सनसेट, रेड आणि सिल्व्हरच्या संकरातला ऑटम ब्लेझ, लिक्विडंबरमध्ये पालो आल्टो किंवा वॉर्पल्सडन. आणि माझं ठाम मत आहे की रंगासाठीचं झाड नर्सरीत पानगळीतच, रंगलेलं असताना, स्वतःच्या डोळ्यांनी बघून निवडावं. फक्त एवढं लक्षात ठेवा की लावल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत रंग नर्सरीत होता तसा येईलच असं नाही, मुळं बसेपर्यंत झाड जरा बिथरलेलं असतं, तेवढ्यावरून निकाल लावू नका.

जात बरोबर आहे आणि तरी रंग नाही, तर आता उन्हाकडे या. लावताना जागा उघडी होती पण आजूबाजूची झाडं वाढली, भिंत उठली, आणि आता झाडाला दिवसातून जेमतेम दोन-तीन तास ऊन मिळतं हे अनेक ठिकाणी होतं आणि इतकं हळूहळू होतं की लक्षातच येत नाही. बर्निंग बुश नावाचं ते झुडूप उन्हात किरमिजी होतं आणि सावलीत फिकट गुलाबी किंवा पांढुरकं पडतं. ते नव्याने लावू मात्र नका, उत्तर अमेरिकेत ते जंगलात घुसून पसरतंय, त्याऐवजी ब्लूबेरी, फॉदरगिला किंवा इटिया लावा, तीनही छान रंगतात. स्मोक बुशच्या जांभळ्या पानांच्या जाती सावलीत हिरवट होतात. जपानी मेपलचं प्रकरण नाजूक आहे, त्याला सकाळचं ऊन पाहिजे पण जिथे दुपार तापते तिथे दुपारची सावलीही पाहिजे, नाहीतर पानांच्या कडा करपतात आणि करपलेलं पान रंगत नाही. पूर्ण सावलीत दडवलं तर पान वाचतं पण लाल येत नाही. कुंडीत असेल तर जागा बदलून बघा, जमिनीत असेल तर वरच्या सावली करणाऱ्या फांद्या विरळ करता येतात का बघा. आणि एक भलतंच कारण, रस्त्याचा किंवा गेटचा दिवा. रात्रभर उजेडात असलेल्या फांद्या पानं जास्त दिवस हिरवी धरून ठेवतात, कारण त्यांना रात्र मोठी झाल्याचं नीट कळतच नाही, आणि मग थंडी येते तेव्हा तेवढाच भाग हिरवा असताना गारठतो. झाडाची दिव्याकडची बाजू हिरवी आणि उरलेलं झाड रंगलेलं असं दिसलं तर दिवा खाली वळवा किंवा त्याला टायमर लावा.

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळा गुन्हेगार निघतो तो नत्र, आणि तो झाडाला मुद्दाम घातलेला नसतो. लॉनला घातलेला असतो. झाडाची मुळं फांद्यांच्या घेराच्याही बरीच बाहेर पसरलेली असतात आणि पाणी-अन्न ओढणारी बारीक मुळं मातीच्या वरच्या थरातच असतात, म्हणजे बरोबर गवताच्या खाली, त्यामुळे लॉन हिरवंगार राहावं म्हणून जे पोतं रिकामं केलं त्यातला मोठा वाटा झाडाने खाल्लेला असतो. नत्र मुबलक मिळाला की झाड नवी पालवी काढत राहतं, साखर वाढीत खर्च होते, हरितद्रव्य मोडायला उशीर होतो, आणि रंगायची वेळ येईपर्यंत पहिली कडक थंडी येऊन पानं हिरवीच मरतात. याची खूण अगदी सरळ आहे, पानं मोठी, गडद हिरवी, शेंड्याला सीझनच्या शेवटीही कोवळी फूट, आणि सगळ्या गल्लीत तुमचंच झाड सगळ्यात उशिरा हिरवं. उपाय म्हणजे हंगामाच्या मध्यानंतर झाडाच्या मुळांच्या टप्प्यात नत्राचं खत बंद, लॉनलासुद्धा. मोठ्या झालेल्या झाडाला मुळात दरवर्षी खताची गरजच नसते, पालापाचोळ्याचं आच्छादन आणि कुजलेलं कंपोस्ट पुरतं. एप्सम सॉल्टने, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेटने, पानं लाल होतात असं बरेच जण सांगतात, त्यावर पैसे घालू नका, मातीत मॅग्नेशियम खरंच कमी असेल तरच त्याचा उपयोग, आणि तो पानगळीच्या रंगासाठी नव्हेच.

पाण्याचं उलटसुलट आहे म्हणून लोक गोंधळतात. थोडासा कोरडेपणा हंगामाच्या अगदी शेवटी आला तर लाल रंगाला तो चालतो. पण भर उन्हाळ्यात झाड तहानलेलं राहिलं तर ते वेळेआधीच पानं सोडायला लागतं, पानं कडेपासून आत कुरकुरीत तपकिरी होतात, मधला भाग हिरवाच, आणि रंगायला शिल्लक काही राहत नाही. नव्या झाडाला पहिली दोन-तीन वर्षं हा त्रास जास्त. रोज थोडं थोडं शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एकदा खोलवर मुरेल असं द्या, पाऊस धरून आठवड्याला साधारण २५ मिलिमीटर हा ढोबळ अंदाज, पण वाळूची माती, चिकण माती, वारा यावर ते बदलतं, म्हणून बोट घालून बघणं उत्तम. ३० सेंटिमीटरचा लांब स्क्रूड्रायव्हर मातीत सहज दाबला जातो का बघा, जात नसेल तर खाली कोरडं आहे. आळ्यात ५ ते ८ सेंटिमीटर आच्छादन घाला, खोडापासून मात्र वीतभर लांब, खोडाला ढीग लावून ठेवला की साल कुजते. आणि सदा ओल्या, पाणी साचणाऱ्या जागेत मुळं गुदमरतात, तेव्हा वर दिसणारी लक्षणं तहानेसारखीच असतात, म्हणून पाणी वाढवण्याआधी माती तपासा, नाहीतर बुडणाऱ्या झाडाला आणखी पाणी पाजाल.

पानं उन्हाळ्यातच पिवळी पडतायत, पण शिरा हिरव्या राहतायत? मग ते रंगणं नाही, ते अन्नद्रव्याचं दुखणं आहे. चुनखडीच्या, जास्त सामूच्या (सामू म्हणजे पीएच, माती आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा) मातीत लोह आणि मँगनीज असूनही झाडाला ते घेता येत नाही. पिन ओकला लोहाची आणि रेड मेपलला मँगनीजची कमतरता होते हे ठरलेलं. ब्लूबेरीला तर सामू ४.५ ते ५.५ लागतो, त्यापेक्षा वर गेला की तिचं सगळंच बिनसतं. आधी माती परीक्षण करून घ्या, अंदाजाने काही टाकू नका. सामू थोडाच जास्त असेल तर गंधक टाकता येतं पण त्याला महिने लागतात, आणि मातीत मुळातच चुना भरलेला असेल तर ती लढाई जिंकता येत नाही. चेलेटेड लोहाने, म्हणजे झाडाला घेता येईल अशा रूपात बांधलेल्या लोहाने, काही काळ बरं दिसतं, त्यातही जास्त सामूत टिकणारा ईडीडीएचए प्रकार बघून घ्या, पण दरवर्षी तेच करावं लागत असेल तर त्या मातीत खूश राहणारं झाड लावणं शहाणपणाचं, जसं की चिनी पिस्ता, तो क्षारी मातीतही टिकतो आणि केशरी-लाल छान होतो.

आता उलटा त्रास, म्हणजे रंग येतो पण फार लवकर. सगळी झाडं हिरवी असताना तुमचं एकटंच लाल झालं तर खूश होऊ नका, ते संकट सांगतंय. पूर्ण झाड लवकर रंगतं, पानं दरवर्षी लहान होतायत, शेंडा विरळ होतोय, असं असेल तर मुळांकडे बघा. खोड जमिनीत शिरताना खाली पसरलेलं दिसायला हवं, ते विजेच्या खांबासारखं सरळ आत जात असेल तर झाड खोल लावलं गेलंय. खुरपं बाजूला ठेवा आणि हाताने माती हळूहळू काढत जा, पहिली मोठी मुळं फुटतात तिथपर्यंत. पुष्कळदा तिथे एखादं मूळ खोडाभोवती वळसा घालून साल आवळत बसलेलं सापडतं, कुंडीत गोल फिरून वाढलेल्या रोपात हे हमखास. झाड लहान असेल तर ते मूळ कापा, माती उघडीच ठेवा, गरज पडली तर झाड सुप्तावस्थेत असताना उचलून योग्य उंचीवर परत लावा. मोठ्या झाडाचं जाड मूळ मात्र जाणकाराला दाखवल्याशिवाय कापू नये.

आणि फक्त एकच फांदी लवकर पेटली तर? ती फांदी जिथून निघते तिथे सालीला जखम, भोक, चीर आहे का बघा. काहीच दिसलं नाही तर त्या फांदीचा बोटभर जाडीचा तुकडा तिरका कापा आणि सालीखालचं लाकूड बघा. मेपलमध्ये तिथे हिरवट किंवा तपकिरी रेघा दिसल्या तर व्हर्टिसिलियम नावाच्या मातीतल्या बुरशीचा मर रोग असायची शक्यता मोठी, जपानी मेपलला तो विशेष होतो. खात्री प्रयोगशाळाच करते. त्यावर औषध नाही, मेलेल्या फांद्या काढा, हत्यार दर कापाला निर्जंतुक करा, पाणी नीट द्या, काही झाडं सावरतात. झाड गेलंच तर त्याच खड्ड्यात परत मेपल लावू नका, ती बुरशी मातीत वर्षानुवर्षं राहते.

पानांवरच्या रोगांचं फार मनावर घेऊ नका. मेपलवर डांबराचे थेंब पडल्यासारखे काळे ठिपके येतात तो टार स्पॉट, दिसायला वाईट पण झाडाला फारसं काही करत नाही, गळलेली पानं गोळा करून हलवली की पुढच्या वर्षी कमी येतो. सीझनच्या शेवटी पानांवर पांढऱ्या पावडरसारखी येणाऱ्या भुरीसाठीही फवारणी करण्यात अर्थ नाही.

ज्यांच्याकडे हिवाळा असा नाहीच, रात्री कायम उबदार, त्यांनी शुगर मेपलचा नाद सोडावा हे मी मनापासून सांगतो, त्याला थंडीची विश्रांती लागते आणि ती मिळाली नाही तर ते झाड झुरत राहतं. सौम्य हिवाळा असेल तर लिक्विडंबर, चिनी पिस्ता, क्रेप मर्टल आणि पर्सिमन यांना कमी थंडीतही रंग धरता येतो. अगदी उष्ण ठिकाणी देशी बदाम आहेच, त्याची मोठाली पानं गळण्याआधी तांबडी-लाल होतात, थंडीची वाट न बघता. नांदिनासुद्धा हिवाळ्यात उन्हात ठेवली तर लालसर होते, सावलीत हिरवी राहते.

काही वेळा बिघाड नसतोच आणि लोक घाबरतात. पाइन आणि थुजा पानगळीत आतल्या बाजूची जुनी पानं पिवळी करून टाकतात, शेंडे हिरवे असतील तर सगळं ठीक आहे. लार्च, बाल्ड सायप्रस आणि डॉन रेडवुड ही सूचिपर्णी असूनही सगळी पानं टाकतात, झाड मेलं समजून ती तोडून टाकलेली आहेत, कृपा करून वसंतापर्यंत थांबा. बीच, हॉर्नबीम आणि बरेचसे ओक, विशेषतः कोवळ्या वयात, तपकिरी पानं हिवाळाभर अंगावर ठेवतात, तो त्यांचा स्वभाव आहे, ओरबाडून काढायची गरज नाही.

पण मेपल किंवा इतर एरवी पानं टाकणाऱ्या झाडावर तपकिरी पानं लटकून राहिली तर बहुधा अचानक आलेल्या कडक थंडीने देठाचा थर पूर्ण व्हायच्या आतच पानं मेलेली असतात. लगेच छाटणी करू नका. पेन्सिलएवढ्या डहाळीची साल नखाने जराशी खरवडा, खाली ओलसर हिरवं दिसलं आणि कळ्या टणक असल्या तर डहाळी जिवंत आहे, पानं हिवाळ्यातल्या वाऱ्याने नाहीतर वसंतात नवी फूट येताना पडतील. खरवडल्यावर कोरडं तपकिरी निघालं तर खाली खाली सरकत परत खरवडत या, हिरवं सुरू होतं तिथे खूण म्हणून दोरा बांधा, आणि छाटायचं ते वसंतात कळ्या फुटल्यावरच, कारण तेव्हा झाड स्वतःच दाखवतं की कुठपर्यंत काढायचं.